हिस्टामिन कमी करायचं, म्हणून कोथिंबीरही सोडायची का?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. गेले काही महिने जेवणानंतर तिचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, पोट फुगतं. तिथल्या डॉक्टरांना शंका आहे की तिला अन्नातलं हिस्टामिन सोसत नसावं. त्यांनी काही दिवस कमी हिस्टामिनचा आहार घेऊन पाहायला सांगितलं. तिने इंटरनेटवरून याद्या जमवल्या आणि दही, चीज, लोणचं, टोमॅटो, वांगं, पालक, लिंबू सगळं बंद केलं. आता भीतीपोटी कोथिंबीर, पुदिना आणि कढीपत्ताही सोडलाय. भात आणि दुधीवर दिवस काढते आहे. ही हिरवी पानं खरोखरच सोडावी लागतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ताई, निकाल आधी सांगते, कारणं मागून. ताजी कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, तुळस, पार्सली ही पानं कमी हिस्टामिनच्या आहारात बहुतेक माणसांना चालतात. दही, टोमॅटो, लिंबू आणि लोणचं ताटातून गेल्यावर जेवणाला चव आणि वास द्यायला हीच पानं तर उरतात. अटी दोनच. पानं खरोखर ताजी हवीत, आणि मुलीला त्या विशिष्ट वनस्पतीची ऍलर्जी नसावी. तुमच्या पत्रात आणखीही बरेच प्रश्न आहेत, ते एकेक करून घेते.

प्रश्न : हे हिस्टामिन अन्नात येतं तरी कुठून?

उत्तर : हिस्टामिन हे काही बाहेरून आलेलं विष नाही. ते आपल्या शरीरातही तयार होतं आणि कामाचंही असतं. जठरात आम्ल सुटायला ते लागतं, मेंदूला जागं ठेवण्यात त्याचा वाटा असतो, जखमेच्या जागी सूज येते तीही काही अंशी त्याच्यामुळे. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ हेन्री डेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९१० मध्ये त्याचे शरीरावरचे परिणाम तपशिलाने मांडले. ऍलर्जीत शिंका, खाज आणि गांधी येतात, त्या शरीरातल्या पेशींनी एकदम सोडलेल्या हिस्टामिनमुळे.

अन्नातल्या हिस्टामिनची वाट वेगळी. प्रथिनांमध्ये हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. म्हणजे प्रथिन, जिवाणू आणि वेळ ही तिन्ही एकत्र आली की ते साचत जातं. जुनं चीज, वाइन, आंबवलेले सॉस, मुरवलेलं मांस यांत ते जास्त सापडतं ते याचसाठी. बांगडा, तारली, कुपा या माशांमध्ये मोकळं हिस्टिडीन मुळातच भरपूर असतं. असा मासा बर्फाविना काही तास राहिला की त्यात इतकं हिस्टामिन तयार होऊ शकतं की धडधाकट माणसाचाही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं दुखतं. म्हणून अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सने माशासाठी किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवल्याने जात नाही आणि फ्रीझरमध्ये ठेवूनही कमी होत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब यावरच उभा आहे.

आतड्यात हे हिस्टामिन मोडायला डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं, त्यालाच थोडक्यात डीएओ म्हणतात. ते कमी पडलं, किंवा दारू आणि काही औषधांनी त्याचं काम मंदावलं, की थोडं हिस्टामिनही सोसत नाही, असं या त्रासामागचं स्पष्टीकरण आहे. रक्तातलं डीएओ मोजून मात्र निदान पक्कं होत नाही. म्हणून डॉक्टर काही दिवस आहार बदलून पाहायला सांगतात, आणि तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनीही तेच केलं आहे.

प्रश्न : पालकही पानच आणि कोथिंबीरही पानच. मग एक वर्ज्य आणि दुसरं चालतं, हे कसं?

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. वनस्पतींत हिस्टामिन सहसा फार थोडं असतं, पण काही अपवाद आहेत. पालक, वांगं, टोमॅटो आणि अवोकाडो यांत ते मोजण्याइतकं सापडलं आहे, आणि तेही नमुन्यागणिक खूप कमीजास्त. पालकाच्या पानांवर सापडणारे काही जिवाणू हिस्टामिन तयार करू शकतात, हे स्पेनमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं आहे. त्यामुळे कालपरवाचा पालक आणि आठवडाभर पिशवीत घामेजलेला पालक एका तराजूत तोलता येत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. पालकाची भाजी करायला एका माणसाला पाव जुडी ते अर्धी जुडी सहज लागते. कोथिंबीर मात्र आपण चिमूट-दोन चिमूट वरून पेरतो. अगदी चटणी केली तरी एका वेळी पोटात जाते ती चमचा-दोन चमचे. तिच्यात अंशमात्र हिस्टामिन असलंच, तरी एवढ्या मापात त्याने फारसं काही बिघडत नाही.

काही पानं मात्र याबाबतीत खरीच नावाजलेली आहेत. हिमालयात बिच्छू घास म्हणतात, त्या झुडपाच्या केसांत हिस्टामिन असतं आणि ते कातडीत शिरल्यावर आग आग होते. तिथली माणसं तीच पानं शिजवून भाजी करून खातात, पण कमी हिस्टामिनचा आहार चालू असताना हा प्रयोग नको. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता यांच्याबाबतीत असं काही नाही.

पुदिन्यापुरता तर एक बोलका दाखलाही आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दहा निरोगी स्त्रियांना ७५ मिलिग्रॅम शुद्ध हिस्टामिन पाजून पाहिलं. त्यांतल्या पाचजणींना छाती धडधडणं, शिंका, नाक गळणं अशी लक्षणं दिसली. हिस्टामिन ज्यात विरघळवलं होतं आणि तुलनेसाठी नुसतंही दिलं होतं, ते पेय होतं पेपरमिंटचा चहा. ज्याचा स्वतःचा काही परिणाम होऊ नये असं पेय शोधताना संशोधकांनी पुदिन्याच्या जातीचा चहा निवडला, ही गोष्ट तुमच्या मुलीला जरूर सांगा.

प्रश्न : मग याद्यांमध्ये एवढा घोळ का? एकीत कढीपत्ता चालतो, दुसरीत मसाले सगळेच बंद.

उत्तर : कारण या याद्या एका मापाने बनलेल्या नाहीत. काहींत खरोखर मोजलेलं हिस्टामिन आहे, काहींत रुग्णांचे अनुभव, तर काहींत नुसता तर्क. बार्सिलोनाच्या संशोधकांनी दहा वेगवेगळे कमी हिस्टामिनचे आहार शेजारी ठेवून तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. सगळ्या दहांत एकमताने वर्ज्य होते ते फक्त आंबवलेले पदार्थ. बाकी वर्ज्य पदार्थांपैकी बऱ्याच पदार्थांत हिस्टामिन फारसं नव्हतंच. जास्त हिस्टामिन हे वगळण्याचं कारण केवळ ३२ टक्के पदार्थांना लागू पडत होतं. लिंबूवर्गीय फळं आणि केळी यांत हिस्टामिन नसल्यासारखंच असतं, पण प्युट्रेसिन नावाचा दुसरा अमाइन असतो आणि तो डीएओच्या कामात आडवा येत असावा, असं एक स्पष्टीकरण त्यांनी दिलं.

कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून त्याच्यावरही संशय घेणारे आहेत. पण कूळ एक असलं म्हणून लिंबाच्या रसातले घटक फोडणीतल्या आठ-दहा पानांतही तेवढेच असतील, असं होत नाही. फळावरचा ठपका पानावर ठेवू नका.

स्वित्झर्लंडच्या एका रुग्ण-गटाची यादी जर्मन भाषक देशांत फार वापरली जाते. मुलीच्या हातात बहुधा तीच किंवा तिच्यावरून बेतलेली एखादी यादी असेल. तिचा उपयोग सुरुवातीला दिशा मिळण्यापुरता करावा. चार याद्या जमवून चौघींतलं वर्ज्य ते सगळं टाकून दिलं, तर ताटात भात आणि दुधीच उरणार. ताज्या भाज्या, फळं आणि पानं यांच्याबरोबर क जीवनसत्त्व, फोलेट, चोथा हेही जातं. तिच्या त्रासात अशक्तपणाची भर आपणच घालायला नको.

प्रश्न : ताजी म्हणजे किती ताजी? तिथे आपल्यासारखा रोजचा बाजार नाही.

उत्तर : खरी काळजी घ्यायची ती इथे. पान चांगलं असलं तरी ओलावा, ऊब आणि वेळ मिळाली की त्याच्यावरचे जिवाणू वाढतात. आपल्याकडे मंडईत दिवसभर पाणी मारलेली जुडी दिसायला टवटवीत असते, पण घरी सोडली की मधली पानं चिकट आणि काळपट निघतात. अशी पानं निवडून बाकीची जुडी वापरण्यापेक्षा तिच्यासाठी ती जुडीच नको.

घरी आणल्यावर जुडी सोडावी, सडकी आणि पिवळी पानं काढावीत, मुळं कापावीत. न धुता कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावी. वापरायच्या वेळी लागेल तेवढीच धुवावी. अशी ठेवलेली कोथिंबीर दोन-तीन दिवसांत संपवावी. पुदिन्याच्या काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या ठेवल्या तर चांगल्या राहतात, पाणी मात्र रोज बदलायला हवं.

जर्मनीत एक मोठी सोय आहे. तिथल्या सुपरमार्केटमध्ये तुळशीच्या जातीचं बेसिल, पार्सली, पुदिना आणि बऱ्याचदा कोथिंबीरही जिवंत कुंडीत मिळते. तिने कापलेल्या पाकिटाऐवजी अशी कुंडी घ्यावी, खिडकीत ठेवावी आणि जेवायच्या आधी कात्रीने चार डहाळ्या छाटाव्यात. यापेक्षा ताजं काय असणार! पुदिन्याची एक काडी पाण्यात ठेवली तर तिला मुळं फुटतात, मग ती मातीत लावावी. पानओवाही कुंडीत सहज वाढतो.

कढीपत्ता मात्र भारतीय दुकानातून घ्यावा लागेल, आणि तो लांबचा प्रवास करून आलेला असतो. पानं हिरवी, कोरडी आणि देठाला घट्ट असतील तरच घ्यावा. घरी आणल्या दिवशीच धुऊन, पूर्ण पुसून, छोट्या पाकिटांत भरून गोठवावा. कोथिंबीरही बारीक चिरून तशीच गोठवता येते. गोठवल्याने नवं हिस्टामिन तयार होणं थांबतं, आधी तयार झालेलं जात नाही. म्हणून शिळी होऊ लागलेली जुडी ‘वाया जाऊ नये’ म्हणून फ्रीझरमध्ये टाकण्यात अर्थ नाही. गोठवायची ती पहिल्याच दिवशी. काढलेली पाकिटं पुन्हा गोठवू नयेत, पानं थेट फोडणीत किंवा गरम वरणात टाकावीत.

प्रश्न : चटणी, कोथिंबिरीच्या वड्या, हिरवं वाटण हे चालेल का?

उत्तर : चालेल, पण त्यात पानांशिवाय काय आहे ते पाहून. आपल्या हिरव्या चटणीत दाणे आणि लिंबू असतात, बाजारच्या बाटलीत व्हिनेगरही असतं. हे तिन्ही पदार्थ बहुतेक याद्यांत ‘टाळा’च्या रकान्यात आहेत. सुरुवातीच्या दिवसांत दाण्याऐवजी ताजा किंवा गोठवलेला खवलेला नारळ घ्यावा. कोथिंबीर, पुदिना, आलं आणि मीठ यांची चटणी लिंबाशिवायही चांगली लागते. आंबटपणाला थोडी कैरी सोसते का, ते पुढे पाहता येईल. चटणी एका जेवणापुरतीच वाटावी. वाटलेलं पान चिरलेल्या पानापेक्षा लवकर बिघडतं, कारण त्याचा रस जिवाणूंना आयता मिळतो.

कोथिंबिरीच्या वड्या उकडल्या त्या दिवशीच खाव्यात. उरलेले उंडे चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून रोज थोडे तळायचे, हे सध्या बंद. डाळीचं पीठ काहींना जड जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात वड्या नकोत, नंतर करून पाहाव्यात. हिरव्या वाटणाचा रस्सा केला तर तो ताजा खावा, उरलेला थंड होताच गोठवावा. रात्रीची आमटी ओट्यावर ठेवून सकाळी गरम करण्याची आपली सवय तिने सोडायला हवी. पानं सोडण्यापेक्षा ही सवय सोडल्याने तिचा फायदा जास्त होईल.

प्रश्न : पण तिला एकदा कोथिंबीर घातलेलं कालवण खाऊन लगेच त्रास झाला होता. त्याचं काय?

उत्तर : अशा वेळी वर दिसणाऱ्या हिरव्या पानावर सगळा ठपका येतो. कालवण कशाचं होतं? मासा असेल तर तो किती ताजा होता? टोमॅटो होता का? मिरची किती होती? मिरचीतलं कॅप्सायसिन थेट मज्जातंतूंना चेतवतं, त्याने चेहरा लाल होतो, नाक वाहतं, आणि त्यात हिस्टामिनचा संबंध असतोच असं नाही. पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडू शकते, त्यामुळे आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना पुदिना खाऊन जळजळ वाढल्यासारखी वाटते. तेही हिस्टामिनमुळे नव्हे.

एक शक्यता मात्र गंभीरपणे घ्यायला हवी, ती खऱ्या ऍलर्जीची. कोथिंबीर, पार्सली, शेपू, बडीशेप, ओवा, सेलरी ही एका कुळातली भावंडं. युरोपात बर्च झाड आणि मगवर्ट नावाचं तण यांच्या परागकणांची ऍलर्जी खूप लोकांना असते, आणि त्यांपैकी काहींना या कुळातल्या भाज्या-मसाल्यांनी तोंडात खाज सुटते, ओठ सुजतात. मुलगी तिथे गेल्यापासून तिला वसंतात शिंका येत असतील, डोळे चुरचुरत असतील, आणि कोथिंबीर किंवा सेलरी खाल्ल्याबरोबर लगेच तोंड खाजत असेल, तर हे तिने डॉक्टरांना मुद्दाम सांगावं. या ऍलर्जीची वेगळी चाचणी होते. ताजेपणा सांभाळून ती टळत नाही, ते पान सोडावंच लागतं. घसा आवळणं, श्वासाला त्रास, चक्कर अशी लक्षणं दिसली तर आहाराचा विचार बाजूला ठेवून थेट तातडीची मदत घ्यायची.

प्रश्न : तुळस आणि वाटाण्याचे मोड हिस्टामिन उतरवतात, असं ऐकलंय. खरं का?

उत्तर : यात तथ्याचा अंश आहे, पण त्यावर उपचार उभा करता येत नाही. तुळस, पुदिना, रोझमेरी यांच्या कुळात रोझमॅरिनिक आम्ल असतं. हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना ते शांत करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण प्रयोगशाळेतला अर्क आणि चहात टाकलेली पाच पानं यांच्या मात्रेत फार अंतर आहे. तुळशीचा काढा आवडतो म्हणून प्यावा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नये.

वाटाण्याचं मात्र नवल वाटावं असंच आहे. वाटाणा आणि मसूर यांच्या कोवळ्या मोडांत अमाइन मोडणारं, म्हणजे डीएओच्याच जातीचं विकर खरोखर असतं, आणि अंधारात मोड आणले तर ते अधिक वाढतं. त्यावर संशोधन चालू आहे. बाजारात डीएओच्या ज्या गोळ्या मिळतात, त्या मात्र बहुधा डुकराच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या असतात. शाकाहारी घरांनी वेष्टन वाचूनच घ्याव्यात. ताटातले मोड जठरातल्या आम्लातून जाऊन आतड्यात किती काम करतील, याची खात्री देता येत नाही. मोड आवडत असतील तर ते ताजे असावेत, वाफवून खावेत, आणि भाजी म्हणून खावेत.

प्रश्न : हे सगळं तिने किती दिवस करायचं?

उत्तर : जन्मभर नक्कीच नाही. जर्मन ऍलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने इतर संघटनांबरोबर २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत तीन टप्पे आहेत. पहिले १० ते १४ दिवस हिस्टामिन बरंच कमी ठेवायचं आणि काय खाल्लं, काय झालं याची नोंद करायची. मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत एकेक पदार्थ परत आणून पाहायचा. शेवटी स्वतःला सोसतो असा पुरेसा विविध आहार कायम ठेवायचा. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरं आहे असं धरून डॉक्टरांकडे परत जायचं. दुधातली साखर न सोसणं, पचनाचे इतर विकार, एखादं औषध यांतलं काहीही त्यामागे असू शकतं.

हिरवी पानं परत आणण्याचा क्रम सोपा आहे. ज्या दिवशी बरं वाटतंय, त्या दिवशी मऊ भात आणि तुपावर चमचाभर ताजी कोथिंबीर पेरावी. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. त्रास झाला नाही तर दोन-तीन दिवसांनी माप थोडं वाढवावं, मग कढीपत्त्याची फोडणी, मग पुदिना. वहीत पदार्थासमोर त्या दिवशीची झोप, पाळी, ताण आणि औषधंही लिहावीत, कारण त्यांच्यामुळेही शरीराची सोसण्याची ताकद कमीजास्त होते. एकदा त्रास झाला म्हणून ते पान कायमचं बाद करू नये, दुसऱ्यांदा ताजं आणून पुन्हा पाहावं. ओठ सुजले किंवा तोंड खाजलं असेल तर मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही.

ताई, मुलीला माझा एवढा निरोप द्या. वर्ज्य पदार्थांची यादी लांबवत बसण्यापेक्षा शिळं अन्न थांबव, ताजं आण, थोडं थोडं शिजव आणि वही लिही. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे आणि शक्य असेल तर आहारतज्ज्ञांकडे जा. आणि आज संध्याकाळच्या वरणावर कोथिंबीर घाल.